विचारले तेवढेच

माझे वडील एका तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होते. कोर्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली वकील आपापल्या साक्षीदारांची शेवटची उजळणी घेत. ती त्यांनी जवळजवळ तीस वर्षे ऐकली, आणि तिच्यातले एक वाक्य त्यांच्या जिभेवर कायमचे बसले : "विचारतील तेवढंच सांग." घरात कुणी पाल्हाळ लावला की ते हे वाक्य फेकीत. मला लहानपणी त्यात मोठे शहाणपण दिसे. पुढे मी ज्या धंद्यात पडलो त्यातली यंत्रे तर उपजतच या वाक्यावर पढवलेली निघाली. आज मी जो प्रश्न मांडणार आहे तो या यंत्रांच्या निमित्ताने मला पडला. पण तो यंत्रांचा नाही.

प्रश्न असा : विचारलेल्या गोष्टीचे खरे उत्तर दिले आणि न विचारलेली गोष्ट पोटात ठेवली, तर माणूस खरे बोलला असे म्हणावे काय?

आधी यंत्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे. एका शिक्षणसंस्थेतले संगणक एकमेकांशी बोलते ठेवणे हे माझे काम होते. प्रत्येक संगणकाला बाहेर जाण्यायेण्याची एक किंवा अधिक दारे असतात. धंद्याच्या भाषेत त्यांना इंटरफेस म्हणतात. मला स्वतःला 'वेस' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. जुन्या काळी वेशीवर बसलेल्या माणसाला गावात कोण आला, कोण गेला हे ठाऊक असे. या वेशीवरही तसाच हिशेब असतो. किती पुडकी आत आली, किती बाहेर गेली, किती नासकी निघाली, किती टाकून द्यावी लागली, सारे मोजलेले असते. वेशीला एक नाव असते, कारखान्यात दिलेला अठ्ठेचाळीस बिटांचा एक क्रमांक असतो, आणि आपण नेमून दिलेला पत्ता असतो. युनिक्सच्या वळणाच्या यंत्रांत हा तपशील विचारताही येतो आणि बदलताही येतो. त्यासाठीची जुनी आज्ञा म्हणजे 'आयएफकॉन्फिग'. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने युनिक्सची जी आवृत्ती तयार केली, तिच्या १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या अवतारात ही आज्ञा प्रथम आली. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, मॅकओएस यांत ती अजूनही सुखाने नांदते आहे.

या आज्ञेची एक गोष्ट मला पहिल्यापासून विलक्षण वाटत आली. विचारण्याची आज्ञा तीच आणि बदलण्याचीही तीच. वेशीचे नुसते नाव लिहिले तर ती माहिती देते. नावापुढे पत्ता लिहिला तर मुकाट्याने तो पत्ता लावून मोकळी होते. आतल्या गाभ्याकडे ती ज्या मागण्या नेते त्यांच्या नावांतही एकाच रोमन अक्षराचा फरक आहे : विचारायचे असेल तर 'जी', ठरवायचे असेल तर 'एस'. मात्र या एका अक्षरापाशी पहारा बसवलेला आहे. विचारायला कुणाला आडकाठी नाही. बदलायला 'रूट'चा, म्हणजे यंत्राच्या धन्याचा, अधिकार लागतो. आमच्या कचेरीत याच्या नेमके उलट होते. बदल कोणीही करून जाई. विचारायची मात्र कुणाची छाती होत नसे.

उत्तरे मोठी प्रामाणिक असतात. 'अप' असे लिहून आले तर त्याचा अर्थ, धन्याने वेस उघडी ठेवायला सांगितली आहे. 'रनिंग' लिहून आले तर त्याचा अर्थ, पलीकडे खरोखर रस्ता जोडलेला आहे. केबल उपटून टाका. 'रनिंग' जाईल, 'अप' तसेच राहील. इच्छा एका शब्दात आणि वस्तुस्थिती दुसऱ्या शब्दात, असे वेगवेगळे सांगणारी माणसे मी फार थोडी पाहिली. आपल्याला बहुधा दोहोंसाठी मिळून एकच शब्द पुरतो.

परंतु हा प्रामाणिकपणा प्रश्नाच्या मापाचा असतो. याचे एक उदाहरण देतो. वेस सामान्यतः आपल्या नावाची पुडकी तेवढी आत घेते. पण तिला 'प्रॉमिस्क्युअस' अवस्थेत टाकता येते. मग समोरून जाणारे सगळेच, दुसऱ्याच्या नावाचेही, ती उचलून वाचू लागते. हे भल्यासाठीही करतात. बिघाड शोधायला करावेच लागते. आता लिनक्सवर 'टीसीपीडम्प'सारखे एखादे साधन असे कान देऊन बसले असताना तुम्ही 'आयएफकॉन्फिग'ला विचारा. तिच्या उत्तरात या अवस्थेचा शब्द सापडणार नाही. कारण धन्याने स्वतः हुकूम देऊन ती अवस्था आणली असेल तरच तो शब्द तेथे उमटतो. कुणी साधनाने मागच्या दाराने आणली असेल तर उमटत नाही. नव्या 'आयपी' या आज्ञेला नुसते विचारले तरी तेच. तिला सविस्तर सांग म्हणून बजावले, की मग एक आकडा बाहेर येतो, आणि किती जण कान लावून बसले आहेत ते कळते. यंत्र खोटे बोलले का? नाही. त्याला जे विचारले ते त्याने सांगितले.

ही 'आयपी' आज्ञा नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अलेक्सेई कुझनेत्सोव यांच्या साधनसंचातून लिनक्समध्ये आली. जुन्या आज्ञेच्या समजुतीत एका नावाला एक पत्ता असे. दुसरा पत्ता हवा असेल तर त्याला नावाची शेपटी जोडावी लागे. नवीला या बंधनाचे कारण उरले नाही. एकाच वेशीला तिने हवे तितके पत्ते लावावेत. आणि नवीने असा बिनशेपटीचा दुसरा पत्ता लावला, तर जुनीला तो दिसत नाही. ती पहिला पत्ता सांगते आणि थांबते. तो पत्ता चालू असतो, लोक त्यावर येतजात असतात, आणि म्हातारीच्या लेखी मात्र तो नसतोच.

आता माझी गोष्ट.

२०११ साली आमच्याकडे एक तरुण सहायक होता. सहा-सहा महिन्यांच्या करारावर. त्याला मी येथे नाव देत नाही. हुशार होता, चपळ होता, आणि लिहून ठेवण्याचा त्याला कंटाळा होता. परीक्षा विभागाच्या सर्व्हरवर गुण भरण्याचे काम वेगळ्या पत्त्यावर चालावे म्हणून त्याने 'आयपी' आज्ञेने दुसरा पत्ता लावला. जिन्यात गाठ पडली तेव्हा मला म्हणाला, "सर, त्या सर्व्हरला नऊचा पत्ता लावलाय बरं का. नव्या कमांडनं." मी "बरं" म्हटले आणि वर गेलो. यंत्र सुरू होताना जी फाईल वाचली जाते तिच्यात त्याने हा पत्ता लिहिला नाही. आणि आमच्या नोंदवहीतही लिहिला नाही. म्हणजे तो पत्ता दोनच ठिकाणी होता : चालू यंत्राच्या स्मृतीत आणि माझ्या.

पुढे तीनेक आठवड्यांनी, एका शनिवारी, मी एक नवे यंत्र बसवीत होतो. त्याला पत्ता हवा होता. सर्व्हरवर जाऊन मी सवयीने 'आयएफकॉन्फिग' लिहिले. एकच पत्ता दिसला. नऊ दिसला नाही. नोंदवहीत नऊपुढची जागा कोरी होती. मी नऊ नव्या यंत्राला देऊन टाकला आणि घरी गेलो.

सोमवारी सकाळी कारकून मंडळी गुण भरायला बसली. एकाच पत्त्याची दोन यंत्रे शेजारी असली म्हणजे काय होते, ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. शेजारची यंत्रे "हा पत्ता कुणाचा?" अशी दवंडी पिटतात, आणि ज्याचे उत्तर येईल त्याचा क्रमांक काही काळ लक्षात ठेवतात. ही रीत १९८२ साली ठरली, आणि उत्तर देणारा खरा की तोतया हे पाहण्याची सोय तीत नाही. आमच्याकडे दोघेही "मी, मी" म्हणू लागले. एका कारकुनाचे काम चाले, शेजारणीचे अडे. दहा मिनिटांनी तिचे चाले, त्याचे अडे. मला वाटले सर्व्हर आजारी आहे. मी तो बंद करून पुन्हा सुरू केला. त्यासरशी स्मृतीतला पत्ता गेला, आणि सगळेच अडले.

तो मुलगा दुपारी आला. त्याने दोन मिनिटांत बिघाड ओळखला. पण मधल्या वेळात अर्धवट भरलेले गुण तपासून पुन्हा भरायला कचेरीला दीड दिवस लागला. निकालाची तारीख पुढे गेली, आणि तीन जणांची चौकशी समिती बसली.

समितीने मुलाला विचारले. तो म्हणाला, पत्ता लावला होता आणि सरांना सांगितले होते. समितीने फाईल पाहिली. तीत पत्ता नव्हता. वही पाहिली, तीत नव्हता. मग मला विचारले, "हा पत्ता वापरात असल्याचे आपल्याला आढळले होते का?" मी म्हणालो, "मी सर्व्हरवर पाहिले तेव्हा तो पत्ता दिसला नाही." पुढचा प्रश्न, "त्याने आपल्याला लेखी कळवले होते का?" मी म्हणालो, "नाही." तोंडी कळवले होते का, असे कुणी विचारले नाही. अध्यक्षांनी माझे आभार मानले. पुढच्या महिन्यात मुलाचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही.

माझ्या दोन्ही वाक्यांत खोटा शब्द शोधून सापडणार नाही. कडुनिंबाखालच्या कुठल्याही वकिलाने माझी पाठ थोपटली असती.

अशी वाक्ये बोलणारा मी काही पहिला नव्हे, आणि या विचाराने मी कित्येक वर्षे स्वतःचे समाधान करून घेतले. १७९४ साली प्रशियाच्या राजाने, दुसऱ्या फ्रेडरिक विल्यमने, कांटला धर्मावरच्या लिखाणाबद्दल दटावले. कांटने लिहून दिले की राजेसाहेबांचा अत्यंत एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने आपण या विषयावर जाहीरपणे बोलणार नाही, लिहिणार नाही. १७९७ साली राजा वारला. १७९८ साली कांटने पुन्हा लिहिले, आणि प्रस्तावनेत सांगून टाकले की ते शब्द आपण जाणूनबुजून निवडले होते. त्या राजाच्या हयातीपुरतेच आपल्याला बांधून घ्यायचे होते. दारात उभ्या असलेल्या खुन्याशीदेखील खोटे बोलू नये असे लिहिणारा हाच गृहस्थ! त्याला खोटे बोलायचे नव्हते, पण ऐकणाऱ्याची समजूत होईल ती होऊ द्यायला त्याची हरकत नव्हती. आपल्याकडे धर्मराजाने हत्तीचे नाव पुटपुटले, आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. महाभारतकाराने येथे कांटला सोडले नसते असे मला वाटते. तरी कांटने निदान पुढे छापून कबूल केले. आणि त्याच्या शब्दांच्या आड दुसरे कोणी मेले नाही.

कोर्टाला हे सारे ठाऊक असते. आपल्याकडील १९६९ च्या शपथांच्या कायद्यात साक्षीदाराने घ्यावयाच्या शपथेचे तीन भाग आहेत : खरे सांगेन, पूर्ण खरे सांगेन, खऱ्यावाचून काही सांगणार नाही. मधला भाग उगीच घातलेला नाही. वडिलांना मी एकदा विचारले होते, "शपथ अशी, आणि वकील सांगतात विचारतील तेवढंच, मग हे जमतं कसं?" ते म्हणाले, "शपथ आत घेतात. उजळणी बाहेर होते."

मग 'आयएफकॉन्फिग'चे काय? तिनेही नेमके माझ्यासारखेच केले. तिला पत्ता माहीत असलेल्या गाभ्यापाशी ती गेली, आपल्या पद्धतीने एक प्रश्न विचारला, एक उत्तर आणले आणि गप्प बसली. तिला दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही. याचे कारण मी बराच काळ 'ते यंत्र आहे' असे देत असे. पण ते उत्तर आळशी आहे. खरे कारण असे की मी का विचारतो आहे हे तिला ठाऊक नव्हते. मला नवे यंत्र बसवायचे आहे, मोकळा पत्ता हवा आहे, चूक झाली तर सोमवारी वीस माणसे अडतील, यातले काहीही तिच्यापर्यंत पोचले नव्हते. समिती मला का विचारते आहे, हे मात्र मला पुरते ठाऊक होते. तिच्या ओठांवर 'लेखी' होते. तिला जाणायचे होते ते मुलाने मला कळवले की नाही. मी ओठांना उत्तर दिले.

येथे कुणी म्हणेल, प्रत्येक प्रश्नामागच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे ठरवले तर माणसाला झाकून ठेवायला काही उरायचे नाही. हा आक्षेप मला खरा वाटतो. अलीकडचे मोबाईल पाहा. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून (२०१९) आणि आयफोनच्या चौदाव्या प्रणालीपासून (२०२०) ते प्रत्येक वायफायला आपला कारखान्यातला क्रमांक न सांगता एक बनावट क्रमांक सांगतात. दुकानाने किंवा विमानतळाने आपल्या मालकाचा माग काढू नये म्हणून. मी या फसवणुकीच्या पूर्ण बाजूचा आहे. विचारणाऱ्याला जाणण्याचा हक्क नाही, आणि लपवल्याने तिसऱ्या कुणाच्या पोटावर पाय येत नाही. शिवाय या बनावट क्रमांकातही एक बिट असे असते की ते उघड सांगते, हा क्रमांक कारखान्याचा नव्हे, घरचा आहे. टोपणनावाने लिहिणाऱ्याने टोपणनाव असल्याचे सांगून लिहावे, तसे. मी समितीपुढे स्वतःला झाकले तेव्हा असले कुठलेही बिट लावले नव्हते, आणि एका तिसऱ्याचे सहा-सहा महिन्यांचे पोट माझ्या उत्तरावर टांगलेले होते.

त्या मुलाची चूक नव्हती असे मी म्हणत नाही. लिहिले नाही ही चूकच. पण आज्ञा देऊन केलेला बदल आणि फाईलीत लिहिलेला बदल यांतले अंतर मला त्याच्याहून पंधरा वर्षे अधिक ठाऊक होते. यंत्र पुन्हा सुरू झाले की नुसते सांगितलेले सारे पुसले जाते, लिहिलेले उरते. हे तर आम्ही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. जिन्यातले त्याचे वाक्य हे असेच नुसते सांगितलेले होते. फरक एवढाच, की मला पुन्हा सुरू केले गेले नव्हते. ते माझ्या स्मृतीत शाबूत होते आणि आहे.

प्रत्येक यंत्राला 'लो' नावाची एक वेस असते. ती बाहेर उघडतच नाही. १२७.०.०.१ या पत्त्यावर यंत्र स्वतःशी बोलते. केबल असो नसो, हे बोलणे चालू राहते. तेथून निघालेले पुडके तेथेच परत येते, वाटेत सांडत नाही, नासत नाही. त्या मुलाची क्षमा मागण्याचे माझे सगळे प्रयत्न बारा-तेरा वर्षे या वेशीवर चालले होते. त्या काळात मी फार सुंदर वाक्ये तयार केली.

अखेर गेल्या चैत्रात मी त्याला फोन केला. तो आता दुसऱ्या शहरात, माझ्याहून मोठ्या हुद्द्यावर आहे. "सर, तुम्ही?" असे आनंदाने म्हणाला, तेच मला जड गेले. मी जिन्यातली गोष्ट काढली. समितीने काय विचारले आणि मी काय सांगितले, तेही शब्दशः सांगितले. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, सर. तुम्ही विसरला असाल असंही वाटलं होतं." मी म्हणालो, "विसरलो नव्हतो." तो थोडा वेळ थांबला. मग त्याने धंद्यातल्या माणसाला सुचणारा प्रश्न विचारला, जो समितीतल्या तिघांनाही सुचला नव्हता.

"सर, पत्ता देण्याआधी तुम्ही पिंग नव्हतं केलं?"

पिंग करणे म्हणजे पत्त्याला नुसती हाक मारून पाहणे. ओ आली तर तेथे कोणीतरी आहे.

"केलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

"ओ आली होती."

हे मी वाचकालाही इतका वेळ सांगितलेले नाही. शनिवारी संध्याकाळचे सात वाजत आले होते. परीक्षा विभागातल्या बंद खोलीत एक जुना प्रिंटर होता. नऊ त्याचाच असेल, त्याला सोमवारी दुसरा पत्ता देऊ, असे मी मनाशी म्हटले. जिन्यातले वाक्य तेव्हाही आठवले होते. 'आयएफकॉन्फिग'मध्ये तर दिसत नाही, असे म्हणून मी ते बाजूला सारले. आणि तिला काय दिसत नाही हे मला ठाऊक होते. हे सारे मी त्याला फोनवर सांगितले. सांगायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "प्रिंटरचा पत्ता तेवीस होता, सर. मीच दिला होता. तो वहीत लिहिला होता."